वाटीत उतरलेला आजार

"उतरला! आजार उतरला!" असा एकच गलका झाला आणि माझ्या पुढे बसलेल्या म्हाताऱ्याने हातातली वाटी दोन्ही हातांनी वर धरली. मघाशी त्या वाटीत शेळीचं दूध होतं. आता त्यात पांढऱ्या गुठळ्या झाल्या होत्या आणि कडेला पिवळसर पाणी सुटलं होतं. म्हातारा गुडघेदुखीचा. त्याची गुडघेदुखी म्हणे त्या गुठळ्यांत येऊन बसली होती. उठताना मात्र त्याला दोघांनी धरून उठवावं लागलं, पण तिकडे बघायला कुणाला सवड होती?

शेंद्रा गावाच्या पुढे, नव्या कारखान्यांच्या कुंपणाला लागून एक नाला आहे. दुष्काळाच्या त्या वर्षी नाला ठणठणीत कोरडा होता, गावात टँकरवर भांडणं होत होती, गुरं छावणीला गेली होती. नाल्याकाठचं उंबराचं झाड तेवढं हिरवंगार होतं. उंबर उगवतो तिथे खाली ओल असते, हे इथला कुठलाही शेतकरी सांगेल. पण पुंडलिकनाथ महाराज त्या झाडाखाली आसन घालून बसले आणि झाड त्यांच्यामुळेच हिरवं राहिलं असं ठरून गेलं. लोक त्यांना दूधबाबा म्हणत. त्याआधी ते कुठल्याशा दूध संकलन केंद्रावर कामाला होते असं कुणीतरी म्हणालं, तर त्याला बाकीच्यांनी गप्प बसवलं.

बाबांची रीत साधी होती. गुरुवारी यायचं. वाटी आपल्या घरची आणायची, दूध आपल्या शेळीचं आणायचं. बाबा ते दूध धुनीच्या कडेला कोमट करायला लावत आणि रोग्याच्या हातात औदुंबराची एक काडी देत. रोग्याने आजाराचं नाव घेत काडी दुधात फिरवायची, डोळे मिटायचे, नाव घेत राहायचं. जरा वेळाने डोळे उघडावेत तर दूध फाटलेलं! असं गुरुवारमागून गुरुवार चालायचं. शेवटी एका गुरुवारी दूध फाटत नसे. त्या दिवशी आजार संपला असं जाहीर व्हायचं आणि नारळ फुटायचा.

मी शहरात, गारखेड्यात राहते आणि शेंद्र्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. अशा ठिकाणी जायची मला हौस नाही. त्या गुरुवारी मला राजाबाईंनी बोलावलं होतं. त्यांची मुलगी प्रांजली माझी विद्यार्थिनी. वडिलांचे वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरलेले. आता घरात चार शेळ्या, आणि नवरा-बायको मजुरीला. प्रांजली बारावी होऊन एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती. पुढे रक्त तपासायचा कोर्स करायचा आणि दवाखान्यात पांढरा कोट घालून बसायचं, हे तिचं ठरलेलं होतं. वर्गात ती मला इतके प्रश्न विचारायची की माझा तास तिच्यामुळे संपायचा नाही.

तिलाच रक्ताचा कर्करोग निघाला. त्यातला जो प्रकार गोळीने आटोक्यात राहतो, तो. सरकारी दवाखान्यातून गोळी फुकट मिळत होती. रोज एक. काही महिन्यांत तिच्या पोटात वाढलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, जागेवर गेली, रक्तातल्या पेशी नेहमीसारख्या झाल्या, ती पुन्हा कामावर जाऊ लागली. मला वाटलं, जिंकलो. पण राजाबाई गोळीबरोबर दर गुरुवारी तिला उंबराखालीही नेत होत्या.

"आली का, प्रांजली माय?" बाबा म्हणाले. आवाज असा की साखरेच्या पाकात बोट बुडवून बोलावं. "डॉक्टर काय सांगतो तुला? रगतातलं प्रोटीन बिघडलंय. बरं, तुला दावलं का त्यानं ते प्रोटीन? नाय! त्याला लाखाचं मशीन लागतं. आपल्याकडं मशीन नाय बाबा. आपण गरीब. आपण वाटीत दावतो! मागच्या गुरुवारी बघितलं ना समद्यांनी? पांढरं पांढरं, गुठळ्या गुठळ्या? तेच ते प्रोटीन!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. गंमत अशी की त्या माणसाच्या तोंडून तेवढं एकच वाक्य खरं निघालं होतं. वाटीतल्या गुठळ्या प्रथिनाच्याच होत्या. फक्त ते प्रथिन प्रांजलीच्या रक्तातलं नव्हतं, शेळीच्या दुधातलं होतं. ते गोठतं कशाने, हे मात्र मला कळेना. मघाच्या म्हाताऱ्याची वाटी मी स्वतः धुऊन दिली होती. लिंबू नाही, तुरटी नाही, बाबांचा हातही वाटीला लागत नव्हता.

त्या दिवशी बाबांनी तिच्यासाठी काडी काढली ती धुनीवरच्या उकळत्या देगचीतून. "शेवटली परीक्षा," ते म्हणाले. "तीर्थात शुद्ध केलेली काडी." प्रांजलीने ती दुधात फिरवली, डोळे मिटले. तिने डोळे उघडले तेव्हा दूध जसंच्या तसं होतं. राजाबाई मोठ्याने रडायला लागल्या. बाबांनी प्रांजलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजार संपला. आता त्या गोळीचं जहर कशाला पोटात घालायचं?"

मी उभी राहिले. "गोळी बंद करू नका," मी म्हणाले. "ती बरी दिसते ती गोळीमुळेच."

"मॅडम," बाबा हसून म्हणाले, "दूध बोललं. आता तुमी कामून बोलताय?"

पुन्हा टाळ्या. दोन बायांनी मला हाताला धरून बाजूला केलं.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. खंडेराव, प्रांजलीचे वडील, दारात शेळीच्या करडाला मुसकं बांधत होते. त्यांच्या हातातलं काम बघून मला बोलायला आधार मिळाला.

"खंडेरावभाऊ, याला मुसकं का बांधता?"

"नाय बांधलं तर समदं दूध पिऊन टाकील."

"आणि मुसकं बांधल्यावर ते पीत नाही. मग त्याची भूक मेली का?"

"भूक कशी मरंल? तोंड बांधलंय निस्तं."

"प्रांजलीच्या हाडांच्या मगजात तसंच एक प्रथिन आहे," मी म्हणाले. "नवीन पेशी करा, असा हुकूम द्यायचं त्याचं काम. चांगलं प्रथिन हुकूम देतं आणि गप्प बसतं. हिचं बिघडलंय, ते गप्पच बसत नाही. करा, करा, करा. म्हणून पेशी नको तेवढ्या वाढतात. त्या प्रथिनाच्या अंगात एक खोबण असते. जोर घ्यायचा तो तिथून. शास्त्रज्ञांनी त्या खोबणीचं माप घेतलं आणि नेमकी तिच्यात जाऊन बसेल अशी गोळी बनवली. दुसरीकडे फारसं न जाता ती तिथेच जाऊन बसते, मग प्रथिनाला जोर मिळत नाही. गोळी म्हणजे मुसकं आहे, भाऊ. ती अंगात एकच दिवस टिकते, म्हणून रोज घ्यावी लागते. आजार गेलेला नाही, त्याचं तोंड बांधलंय."

खंडेराव करडाकडे बघत राहिले. त्यांना पटलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण आतून राजाबाई बाहेर आल्या.

"मॅडम, बिडकीनचं स्थळ आलंय. लई चांगली माणसं हायेत. त्यायनी एकच इचारलं, पोरगी रोज कशाची गोळी खाती? म्या काय सांगू? जलमभर खाईल म्हनून सांगू? कोन करंल मंग मह्या लेकीला?"

बिघडलेल्या प्रथिनासाठी गोळी निघाली. रोज गोळी खाणारी सून नको म्हणणाऱ्यांसाठी अजून निघालेली नाही.

प्रांजली मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. गोळीने तिच्या डोळ्यांभोवती सूज यायची, पायात गोळे यायचे, मळमळायचं. तरी तिने एक दिवस चुकवला नव्हता. "मॅडम, मला सगळं कळतं," ती म्हणाली. "पण दूध फाटलं नाही तेव्हा आईचं तोंड बघितलं का तुम्ही? मला आजार निघाल्यापासून ती हसलीच नव्हती."

"प्रांजली, आईच्या हसण्यासाठी जीव देतेस?"

"आणि मॅडम," ती खाली बघत म्हणाली, "दूध खरंच फाटलं नाही ना. माझ्याच हातानं ढवळलं मी. माझा पण विश्वास बसला थोडा."

त्या दिवसापासून गोळी बंद झाली. त्यानंतर मी पुष्कळदा गेले. गोळी चालू कर म्हणून विनवलं, रागावले, दवाखान्यातल्या डॉक्टर सुकेशनींनाही घेऊन गेले. घरात आम्हाला चहा मिळायचा आणि गोड नकार मिळायचा. साखरपुड्याचा दिवस ठरला होता. पाऊस यायचे दिवस आले आणि पाऊस न येताच संपत चालले, तेव्हा कारखान्यात काम करता करता प्रांजली चक्कर येऊन पडली.

आधी तिला उंबराखालीच नेलं. ताज्या काडीने दूध पुन्हा फाटलं. बाबा म्हणाले, "त्या मॅडमनी शंका घेतली, म्हनून आजार माघारी आला." मग ताप हटेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा खंडेरावांनी कुणाचं न ऐकता तिला सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टर सुकेशनी मला बाहेर घेऊन गेल्या.

"आजार पुढच्या टप्प्यात गेलाय," त्या म्हणाल्या. "ते प्रथिन इतके महिने मोकळं सुटलं. पेशी वाढत गेल्या, त्यांच्यात आणखी बिघाड झाले. आता नुसती ती खोबण बंद करून भागेल असं वाटत नाही. जोरदार औषधं सुरू केली आहेत. पण मी खोटी आशा देणार नाही."

मी खाटेजवळ जाऊन बसले. प्रांजलीचं अंग तापलेलं होतं, पण डोळे वर्गात असायचे तसेच होते. राजाबाई पायाशी बसून तिचे पाय दाबत होत्या.

"मॅडम, मी पडल्या पडल्या विचार करतेय," प्रांजली म्हणाली. "वाटी आमची. दूध आमच्या शेळीचं. हात माझा. मग बाबाचं काय होतं त्यात?"

"काडी," मी म्हणाले.

"काडीच ना? आम्ही काडी धरलीच नाही हिशेबात. औदुंबर म्हणजे दत्ताचं झाड. त्याची डहाळी आमच्यात कुणी तोडत नाही, चुलीत घालत नाही. पडलेली काडीसुद्धा पाया पडून बाजूला ठेवतात. मग तिच्यात काय असतं, कुणाला कसं कळणार? वडाचं पान तोडलं की चीक येतो. उंबराला पण येत असेल ना, मॅडम? तुम्ही करून बघा. एक साधी काडी, एक उकळलेली."

पाय दाबणारे राजाबाईंचे हात थांबले.

कॉलेजच्या मागे उंबराचं झाड आहे. डहाळी मोडायला हात घातला तेव्हा आमचा शिपाई कचरू "मॅडम, पाप लागंल" म्हणत धावत आला. मोडलेल्या जागी पांढरा चीक पाझरला. कोमट दुधात ती काडी फिरवली आणि झाकून ठेवली. थोड्या वेळात दूध थिजलं. दुसरी काडी पाण्यात चांगली उकळून घेतली आणि तशीच फिरवली. दूध दूधच राहिलं. उंबराच्या चिकातही एक प्रथिन असतं. ते कात्रीसारखं दुधातल्या प्रथिनाला कापतं आणि दूध गोठतं. उकळलं की कात्री वाकडीतिकडी होते आणि निकामी होते. बाबांची सगळी सिद्धी एवढीच: ज्याला आजारी ठेवायचं त्याला ताजी काडी, ज्याला बरं करायचं त्याला उकळलेली. देगची तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धुनीवर रटरटत होती.

हे मी प्रांजलीला सांगितलं तेव्हा तिला आनंद झाला. खरंच झाला. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यासारखी ती हसली. मला तिथे थांबवेना.

गुरुवारी राजाबाई माझ्याबरोबर उंबराखाली आल्या. गर्दी नेहमीसारखीच होती. त्या सरळ झाडाकडे गेल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "देवा, मह्या लेकीसाठी तोडते, माफ कर." आणि त्यांनी कडकन डहाळी मोडली. गर्दीतून "अगं अगं" असा आवाज उठला. तोडलेल्या टोकातून चीक त्यांच्या मनगटावर ओघळला.

"राजाबाई, झाडाला हात लावू नका!" बाबा ओरडले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज पाकातून बाहेर आला होता.

राजाबाईंनी आणलेली वाटी धुनीच्या कडेला ठेवली, दूध कोमट केलं, काडी फिरवली. "मी धडधाकट हाय," त्या लोकांना म्हणाल्या. "आजाराचं नावच घेत नाय. बघा." लोक वाटीभोवती वाकले. दूध फाटलं.

"आता सांगा महाराज, कोनाचा आजार उतरला ह्यात? शेळीचा का?"

कुणी हसलं नाही. मग त्यांनी दुसरी काडी धुनीवरच्या देगचीत धरली. पाणी रटरटत होतं, वाफेने हात भाजत असेल, पण बराच वेळ त्यांनी तो मागे घेतला नाही. ती काडी त्यांनी दुसऱ्या वाटीत फिरवली. लोक थांबले. वाट बघून पाय दुखायला लागले, पण ते दूध फाटलं नाही.

"आईच्या डोळ्यात शंका आली की औदुंबर कोपतो," बाबांनी सुरुवात केली. "ही परीक्षा भक्तीची हाय, माय, हिकडं..."

"परीक्षा झाली," राजाबाई म्हणाल्या. "मही लेक दवाखान्यात रगत ओकू ऱ्हायली."

चतुराबाई नावाच्या बाईने आपल्या नातवाला कडेवर घेतलं आणि ती उठली. तिच्यामागून बरेच उठले. सगळे नाही. काही जण तिथेच बसून राहिले, आपल्या वाटीवर हात ठेवून, कुणी आपलं दूध सांडू नये म्हणून. पुढच्या गुरुवारी आसन रिकामं होतं. हल्ली बाबा कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यात आहेत आणि तिथे दूध नाही, नारळ वापरतात, असं कानावर आलं.

प्रांजली त्यानंतर फार जगली नाही. औषधांनी जमेल ते केलं, डॉक्टरांनी तर सगळंच केलं. शेवटच्या दिवसांत ती मला विचारायची, "मॅडम, ते प्रथिन डोळ्यांनी दिसतं का हो?" मी सांगायचे, साध्या डोळ्यांनी नाही, पण त्याचा आकार माणसांनी शोधून काढलाय, चित्र आहे माझ्याजवळ. एकदा मी ते चित्र मोबाइलवर दाखवलं. दोरीचा गुंता असावा तसं ते दिसतं, आणि मधल्या खोबणीत गोळीचा कण बसलेला. ती पुष्कळ वेळ बघत राहिली. "किती नीट बसलंय," म्हणाली.

माती झाल्यावर आठवडाभराने मी शेंद्र्याला गेले. बिडकीनची माणसं येऊन गेली होती. खंडेराव शेळ्या घेऊन बाहेर गेले होते. राजाबाई एकट्याच होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, समोर बसल्या आणि विचारलं, "मॅडम, खरं सांगा. गोळी चालू ठिवली असती तर जगली असती का ती?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. आयुष्य तेवढंच होतं, नशिबात नव्हतं, असं काहीतरी. पण त्या बाईला आधीच एकाने खोट्यावर जगवलं होतं.

"हो," मी म्हणाले. "बहुतेक जगली असती. त्या गोळीवर माणसं वर्षानुवर्षं जगतात. कामं करतात. म्हातारी होतात."

त्या रडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "मंग हे समद्यायला सांगा. महं नाव घेऊन सांगा. राजाबाईनं लेकीची गोळी बंद केली म्हनून सांगा."

म्हणून सांगते आहे. बरं वाटतंय म्हणून औषध थांबवू नका. आधी ते देणाऱ्या डॉक्टरला विचारा. गोळी रोज का घ्यायची, ती शरीरात जाऊन काय करते, हे विचारायला लाजू नका, आणि समजेपर्यंत विचारत राहा. डोळ्यांसमोर चमत्कार झाला तर हात जोडण्याआधी तो एकदा स्वतः, घरी, करून बघा. आणि रोज गोळी घेणारी मुलगी तुमच्या घरात सून म्हणून येत असेल तर तिला येऊ द्या. तिच्या आईला उंबराखाली जायची वेळ आणू नका.